ॲनोमॅलोकॅरिसचे पकडहात आणि लिआनकोइलियाचे पकडहात: एकच अवयव की दोन?

कोळंबी साफ करताना डोकं मोडण्याआधी एकदा ते उजेडात धरून बघा. देठावरचे दोन काळे डोळे, त्यांच्याजवळून निघालेल्या आखूड मिशा आणि त्यांच्याखालून निघालेल्या, अंगापेक्षाही लांब मिशा. आत मेंदूचे एकामागे एक तीन भाग असतात: डोळे पहिल्या भागाला जोडलेले, आखूड मिशा दुसऱ्याला, लांब मिशा तिसऱ्याला. प्रोटोसेरेब्रम, ड्यूटोसेरेब्रम आणि ट्रायटोसेरेब्रम ही त्यांची नावं. झुरळाच्या मिशा दुसऱ्या भागाच्या. विंचवाला मिशाच नाहीत, पण त्याच दुसऱ्या भागाची नस त्याच्या तोंडाजवळच्या दोन इवल्याशा चिमट्यांत जाते. आपल्याला धडकी भरवणारे मोठे चिमटे तिसऱ्या भागाचे. म्हणजे झुरळाची लांबलचक मिशी आणि विंचवाचा तो बारीक चिमटा मुळात एकाच जागचे अवयव आहेत. रूपावरून हे कधीच ओळखता आलं नसतं.

जीवाश्मांत नेमका हाच घोटाळा होतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, बर्जेस शेल नावाच्या सुमारे ५१ कोटी वर्षं जुन्या खडकात दोन प्राणी सापडतात, ॲनोमॅलोकॅरिस आणि लिआनकोइलिया. दोघांच्याही डोक्याच्या पुढच्या टोकाला भक्ष्य पकडण्याच्या उपांगांची, म्हणजे पकडहातांची, एकेक ठळक जोडी आहे. बरीच वर्षं या दोन्ही जोड्यांना सरसकट ‘मोठं उपांग’ म्हटलं गेलं आणि एकदा नाव एक झालं की वस्तूही एकच वाटू लागते.

ॲनोमॅलोकॅरिसचं उपांग पहिल्यांदा सापडलं तेव्हा ते उपांग आहे हेच कळलं नव्हतं. १८९२मध्ये जोसेफ व्हाइटीव्ह्ज यांनी ते वाकडं, पेरापेरांचं जीवाश्म पाहिलं आणि डोकं नसलेल्या कोळंबीसारख्या प्राण्याचं धड समजून त्याचं वर्णन केलं. ॲनोमॅलोकॅरिस या नावाचा अर्थही ‘वेगळीच कोळंबी’ असा. त्याच प्राण्यांच्या कुळातलं गोल तोंड सुटं सापडलं, तर चार्ल्स वॉलकॉट यांनी १९११मध्ये त्याला जेलीफिश ठरवलं. हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी हे सगळे तुकडे एका अंगावर बसवले ते १९८५ साली. मला या चुकीबद्दल व्हाइटीव्ह्ज यांना दोष द्यावासा वाटत नाही. सोललेली कोळंबी ताटात वळून पडलेली असते ना, हुबेहूब तशीच ती पेरं दिसतात.

या उपांगात एकापुढे एक चौदा पेरं असतात, बहुतेकांना खालून काट्यांची जोडी, आणि अख्खं उपांग खाली तोंडाकडे वळतं. लिआनकोइलियाचं तसं नाही. त्याच्या उपांगाला मोजकीच पेरं, मधे कोपरासारखा सांधा आणि पुढे तीन बोटं. प्रत्येक बोटाच्या टोकाला चाबकासारखा लांब तंतू, म्हणजे पकडणं आणि चाचपणं एकाच अवयवात. शिवाय त्याच्या अंगाखाली सांध्यांचे पाय आहेत. ॲनोमॅलोकॅरिसला पाय नाहीत, कडेला वल्ह्यांसारखे पडदे आहेत.

पण रूपातला फरक दाखवून काम भागत नाही, हे झुरळ आणि विंचवाने आधीच सांगितलंय. विचारायचं ते एकच: नस मेंदूच्या कुठल्या भागातून येते? याचं उत्तर दगडात मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. २०१३मध्ये चीनच्या युनान प्रांतातल्या चेंगजियांगच्या खडकातून लिआनकोइलियाचा जवळचा नातलग अलालकोमेनियस पुढे आला. सीटी स्कॅन आणि खडकातल्या लोहाचा नकाशा एकावर एक ठेवल्यावर त्याची मज्जासंस्था उमटली. मोठ्या उपांगाची नस दुसऱ्या भागाची निघाली. म्हणजे विंचवाच्या बारीक चिमट्याची जागा. सगळी मांडणीही विंचू आणि नालखेकड्याच्या वळणाची.

पुढच्याच वर्षी ॲनोमॅलोकॅरिसच्या गटातल्या लायरारापॅक्सचा मेंदू वर्णिला गेला. त्यात पकडहातांच्या नसा डोळ्यांच्याही पुढे, पहिल्या भागाशी जोडलेल्या वाटल्या. म्हणजे हे अवयव दोन वेगळ्या जागचे. मग ॲनोमॅलोकॅरिसच्या हातांचं पुढे काय झालं? ते आक्रसत जाऊन आजच्या संधिपादांच्या, म्हणजे कोळंबी, झुरळ, विंचू अशा सांध्यांच्या पायांच्या प्राण्यांच्या, तोंडावरची झडप, लेब्रम, बनले असावेत, असा विचार त्याआधीपासून होताच. त्याला बळ मिळालं.

मग २०२२मध्ये बर्जेस शेलचा स्टॅनलीकॅरिस आला. गट ॲनोमॅलोकॅरिसचाच, डोळे तीन, आणि ऐंशीहून जास्त जीवाश्मांत मेंदू टिकलेला. तो दोन भागांचा निघाला: पहिला डोळ्यांचा, दुसरा पकडहातांचा. या वाचनानुसार ॲनोमॅलोकॅरिसचे हात आणि लिआनकोइलियाचे हात पुन्हा एकाच जागी येतात आणि लेब्रमची गोष्ट अडचणीत येते. खडकावरचे असे काळपट डाग मेंदूचे नसून कुजताना वाढलेल्या जिवाणूंच्या थरांचे असू शकतात, असाही आक्षेप घेतला गेला आहे. पण तोच आकार, त्याच जागी, इतक्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा दिसतो तेव्हा मला तो आक्षेप इथे लंगडा वाटतो. माझा कल स्टॅनलीकॅरिसकडे आहे.

चेंगजियांगचाच कायलिनशिया हा प्राणी ॲनोमॅलोकॅरिस आणि लिआनकोइलिया यांच्या मधला आहे: अंग खऱ्या संधिपादाचं, पुढचे हात ॲनोमॅलोकॅरिसच्या धर्तीचे. २०२०मध्ये त्याचे डोळे पाच मोजले गेले. २०२३मध्ये सीटी स्कॅनखाली नीट पाहिलं, तर ते तीन भरले.