हरणाच्या शिकारीत पिस्तूल आलं कुठून?

जानेवारी १८७२. रशियाच्या झारचा मुलगा, ग्रँड ड्यूक अलेक्सिस, अमेरिकेत नेब्रास्काच्या माळावर बायसनच्या शिकारीला आला होता. सोबतीला शेरिडन आणि कस्टर हे सेनाधिकारी, वाटाड्या बफेलो बिल कोडी. कोडीने पुढे सांगितलं ते असं: ड्यूकने वीसेक फुटांवरून रिव्हॉल्व्हरचे सहा बार काढले, एकही लागला नाही. मग कोडीने स्वतःचं रिव्हॉल्व्हर दिलं, त्याच्याही सहा गोळ्या वाया गेल्या. शेवटी हातात रायफल आली तेव्हा कुठे जनावर पडलं. कोडी मोठा गोष्टीवेल्हाळ माणूस, त्यामुळे हे सगळं जसंच्या तसं खरं धरू नये. तरी त्या काळी शिकारीत रिव्हॉल्व्हरची पत काय होती ते यावरून कळतं.

ती बेताचीच असणार होती. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि त्याचं शस्त्र खपलं ते घोडदळ, रेंजर आणि पोलिसांत. माणसाने माणसावर, जवळून झाडायचं हत्यार ते. हरणाची गोष्ट वेगळी. ते पन्नास-साठ पावलांवर झाडीत अर्धवट दिसतं, आणि गोळी छातीत नीट बसली नाही तर जखमी होऊन कोसभर पळतं. रायफलला खांद्याचा आणि गालाचा टेकू मिळतो, पिस्तुलाला फक्त हातांचा. नळी आखूड, त्यामुळे नेम धरताना केसाएवढी चूक झाली तरी निशाण्यावर वीतभर फरक पडतो. त्यात काळ्या दारूवर चालणारी जड, संथ शिशाची गोळी. एकोणिसाव्या शतकातल्या शिकाऱ्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असे ते बहुधा पडलेल्या जनावराला शेवटची गोळी घालायला.

चित्र पालटलं १९३५ मध्ये, आणि तेही पोलिसांच्या गरजेतून. गुंडांच्या मोटारींचे पत्रे भेदेल असं काडतूस हवं होतं, त्यातून स्मिथ अँड वेसन या बंदूक-कंपनीचं .३५७ मॅग्नम जन्मलं: जास्त जोराचं काडतूस, नावातला आकडा गोळीच्या इंचातल्या व्यासाचा. मंदीच्या दिवसांत ते झाडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची किंमत साठ डॉलर होती. ते शिकारीलाही चालतं हे पटवायला कंपनीचे मेजर डग्लस वेसन स्वतः पश्चिमेकडच्या डोंगरात गेले आणि एल्क, मूस अशी मोठी जनावरं त्याने मारून आले. उघड उघड जाहिरातबाजी. पण पिस्तुलाने मोठी शिकार हा विषय चर्चेत आला तो तिथून.

खरा हट्ट मात्र एल्मर कीथचा. आयडाहोत राहणारा हा गुराखी, शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारा लेखक डोक्याला मोठी हॅट आणि तोंडात सिगार अशा थाटात वावरायचा. तरुणपणी .४५ चं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातच फुटलं. त्यानंतर तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण त्यात काडतुसांभोवतालचं पोलाद जरा जाड राहतं. मग दारू वाढवत, आपल्या आराखड्याची गोळी ओतत, वर्षानुवर्षं तो कंपन्यांच्या मागे लागला की असं काडतूस तुम्हीच काढा. अखेर रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर तयार केलं, आणि १९५६ च्या सुरुवातीला .४४ मॅग्नम बाजारात आलं. रूगर या दुसऱ्या कंपनीनेही त्याच वर्षी आपलं, स्वस्तातलं, आणलं. सोबत्याने जखमी केलेलं म्यूल डिअर जातीचं एक हरीण आपण या रिव्हॉल्व्हरने सहाशे यार्डांवर लोळवलं, असं कीथ सांगायचा. त्यावरून आजही वाद झडतात. माझ्या मते या दाव्याने नुकसानच जास्त केलं, कारण सामान्य शिकाऱ्याने पिस्तुलाने शंभर यार्डांपलीकडे बार काढू नये, आणि बहुतेकांनी तर पन्नासच्या आतच थांबावं. .४४ मॅग्नमचा जोर नळीच्या तोंडाशी साधारण ९०० फूट-पौंड (गोळीच्या ऊर्जेचं माप). हरणासाठी अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ रायफलचा २,८०० च्या घरात.

ही तूट भरून काढायचा दुसरा मार्ग म्हणजे रायफलच कापून पिस्तूल करणं. रेमिंग्टनचं १९६३ चं एक्सपी-१०० जवळपास तसंच होतं. १९६७ मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीने वॉरन सेंटर या कारागिराचं ‘कंटेंडर’ आणलं. एका वेळी एकच गोळी, पण नळी बदलता येणारी. खिळा काढा, दुसरी नळी बसवा, काडतूस बदललं. वर दुर्बीणही बसते. जुन्या रिव्हॉल्व्हरवाल्यांनी नाकं मुरडली, पण हरणं पडू लागली. पुढे .४५४ कसूल आणि २००३ मध्ये .५०० मॅग्नम आलं, ज्याचा झटका मनगटाला चांगलाच कळतो. हरणासाठी एवढ्याची गरज नाही, ही निव्वळ हौस.

इथवरची गोष्ट हौशी लोकांची आणि कारखान्यांची. पण पिस्तूल शिकारीत टिकलं ते कायद्यामुळे, असं मला वाटतं. ओहायो, इंडियाना, इलिनॉय हा सपाट शेतांचा, दाट वस्तीचा पट्टा. रायफलची गोळी चुकली तर मैलभर जाते, म्हणून इथे हरणासाठी रायफलला दीर्घकाळ बंदी होती. उरल्या एकच भरीव गोळी झाडणारी शॉटगन आणि ठासणीची बंदूक, आणि त्यांच्या पंगतीत पुढे पिस्तुलालाही पाट मिळाला. अर्थात अटींसह: ओहायोत नळी किमान पाच इंच आणि काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठं, इंडियानात नळी किमान चार इंच. पिस्तुलाच्या खरेदीवर निर्बंध मात्र जास्त. १९६८ च्या संघराज्यीय कायद्याने दुकानदाराकडून रायफल अठराव्या वर्षी घेता येते, पिस्तुलासाठी एकवीस लागतात.

पैशाचाही भाग आहे. बंदुका-काडतुसांवरच्या कराची रक्कम वन्यजीवांसाठी राज्यांना देणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा १९३७ चा. १९७० मध्ये त्यात पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरवरचा दहा टक्के करही आला आणि त्यातला निम्मा हिस्सा शिकारी-प्रशिक्षण व नेमबाजीच्या मैदानांसाठी खुला झाला.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं खटकेल, आणि ते स्वाभाविक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर चितळ-सांबर मारणं हा सरळ गुन्हा आहे. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारू शिकारीने पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. पण तिथे मांसविक्री बंद करून, शिकारीचे हंगाम आणि परवाने ठरवून ती वाढवली गेली. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत आणि लांडगे-प्यूमा बहुतेक ठिकाणी नाहीत, म्हणून शिकार ही संख्या आवरण्याची रीत मानली जाते.

गंमत अशी की, ज्या नियमांनी पिस्तुलाला जागा दिली तेच आता सैल होत आहेत. इंडियानाने २००७ मध्ये पिस्तुलाची काडतुसं उडवणाऱ्या रायफलींना मुभा दिली, ओहायोने २०१४ मध्ये सरळ पुंगळीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना, आणि इलिनॉयने २०२३ पासून एकबारी रायफलला. म्हणजे पिस्तुलाचंच काडतूस आता खांद्याला टेकवून झाडता येतं. परिणाम मचाणावर दिसतो: रायफल मांडीवर, पिस्तूल कमरेला, आणि ते बाहेर निघतं हरीण अगदी जवळ आलं तरच.