सांगोल्याचा लाल बावटा: 2024 च्या लढतीमागची साठ वर्षे

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा महायुतीच्या लाटेत जुने जुने गड वाहून गेले. लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) राज्यभरातून एकच उमेदवार निवडून आला, तो सांगोल्यातून. डॉ. बाबासाहेब देशमुख यांना 1,16,256 मते पडली. विद्यमान आमदार, शिंदे यांच्या शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांना 90,870 मते मिळाली आणि ठाकरे गटाचे दीपक साळुंखे तिसरे राहिले. आजोबांच्या पुण्याईवर नातू आमदार झाला, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. हे उत्तर अपुरे आहे. पुण्याई 2019 लाही होती, आजोबा गणपतराव देशमुख तेव्हा हयात होते, तरीही त्यांचा दुसरा नातू डॉ. अनिकेत देशमुख 768 मतांनी पडला होता. म्हणून थोडे मागे जावे लागते.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा तालुका पर्जन्यछायेत येतो. माण नदी तालुक्यातून वाहते, पण वर्षातले बरेच महिने तिचे पात्र कोरडेच असते. बाजरी, ज्वारी, मेंढरे, खिलार जनावरे आणि अलीकडच्या काही दशकांत डाळिंब, यावर इथले संसार चालतात. नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर असे करत इथे पोहोचते. म्हणजे सांगोला कायम टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. वरच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, त्यांच्याभोवती काँग्रेसचे सहकारी राजकारण बसले. सांगोल्यात तो पाया तसा कधी रुजलाच नाही. विरोधी पक्षाला इथे जी जागा मिळाली, ती मला वाटते आधी याच भूगोलाने दिली.

शेतकरी कामगार पक्ष जन्मला तो काँग्रेसच्याच पोटातून. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, सोलापूरचे तुळशीदास जाधव ही मंडळी 1947-48 च्या सुमारास बाहेर पडली. 1950 च्या दाभाडी अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली. पुढे चार-पाच वर्षांतच जेधे, मोरे, जाधव काँग्रेसमध्ये परतले. नेते गेले, पण रायगड, मराठवाडा, कोल्हापूर आणि सोलापूरच्या काही तालुक्यांत लाल बावटा टिकून राहिला. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे गणपतराव देशमुख वकिली करत सांगोल्यात स्थिरावले, ते याच पक्षाचे कार्यकर्ते म्हणून.

1962 साली महाराष्ट्र राज्याची पहिली निवडणूक झाली. काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या, शेकापला 15 मिळाल्या. त्या पंधरांत गणपतरावांचा सांगोला होता. 1967 ला गणपतराव पुन्हा जिंकले, 1972 ला काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून हरले आणि काकासाहेबांच्या निधनानंतर 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मधल्या दोन वर्षांत राज्याने भीषण दुष्काळ पाहिला होता. दगड फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे, त्यावरची मजुरी, गुरांचा चारा हेच राजकारणाचे विषय झाले होते. त्या काळात माणसे कोण कुणाच्या कामाला धावून गेले ते बघत होती, आणि सांगोल्याच्या मतदाराला लागलेली ही सवय मोलाची आहे.

गणपतरावांच्या प्रचाराची पद्धत राज्यभर सांगितली जाते: एसटीचा प्रवास, साधे कपडे, लोकवर्गणीतून निवडणूक. हे सगळे खरे आहे आणि आजच्या काळात ते आठवून ऊर भरून येतो. पण त्यांच्या साधेपणाचे कौतुक करताना त्यांनी उभारलेल्या संस्था मागे पडतात, आणि त्याशिवाय हा मतदारसंघ कळत नाही. जिथे उसाचा कारखाना उभा करणे अवघड, तिथे त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली, पुढे महिलांचीही सूतगिरणी आली. दुष्काळी गावांतल्या घरांत पगार येऊ लागला. गावोगावचा शेकापचा कार्यकर्ता या संस्थांमुळे पाच वर्षे माणसांच्या संपर्कात राहत असे. निवडणूक लागल्यावर त्याला नव्याने ओळख करून द्यावी लागत नसे.

दुसरा धागा पाण्याचा. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, सांगली, सातारा, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांची मोट बांधली. गणपतराव त्या लढ्यात पुढे होते. टेंभू, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजना आणि उजनीच्या पाण्यातला हक्काचा वाटा, या मागण्या इथल्या प्रत्येक सभेत ऐकू येतात त्या तेव्हापासून. कुठल्या गावाला कुठल्या योजनेचे पाणी येणार आणि कुठले गाव लाभक्षेत्रातून सुटले, हे इथला साधा शेतकरीही बोटांवर मोजून सांगतो.

आणि याच काळात आबासाहेब, म्हणजे गणपतराव, हरले. 1995 ला काँग्रेसच्या तरुण शहाजीबापूंनी त्यांना अवघ्या 192 मतांनी पाडले. चिकमहूदचे बापू, त्यांचे रांगडे बोलणे, भर सभेत लोकांना हसवण्याची आणि रडवण्याची हातोटी: शेकापला बरोबरीचा विरोधक मिळाला. 1999 ला गणपतराव परतले, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारनंतरचे हे त्यांचे दुसरे मंत्रिपद. 2002 मध्ये रायगड जिल्हा परिषदेतल्या वादावरून पक्षाने पाठिंबा काढला आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे बापूंशी त्यांच्या लढती होत राहिल्या. 2014 ला, नव्वदीकडे झुकलेले असताना, त्यांनी 25,224 मतांनी अकराव्यांदा विजय मिळवला.

2019 ला वयामुळे त्यांनी माघार घेतली. शेकापने आधी वेगळाच उमेदवार ठरवला, मग ऐनवेळी अनिकेत यांना उतरवले. शेकापशी आघाडी असूनही राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे बापूंच्या बाजूने गेले. एवढ्या गोंधळात 768 मतांनी झालेला पराभव मला पक्षाच्या ताकदीचाच पुरावा वाटतो. 30 जुलै 2021 ला गणपतराव गेले.

2022 च्या जूनमध्ये गुवाहाटीहून बापूंचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ राज्यभर गाजले आणि सांगोल्याचे नाव घराघरांत पोहोचले. सत्तेत असल्याने त्यांनी उजनीच्या पाण्यावरची सांगोला उपसा सिंचन योजना पुढे रेटली, तिला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव दिले. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दुसरीकडे तेल्या रोगाने आणि खोडकिडीने डाळिंबाच्या बागा मोडल्या होत्या आणि शेतकरी हवालदिल होता.

2024 ला महाविकास आघाडीने शेकापचा हक्क डावलून जागा ठाकरे गटाला दिली, उमेदवार दीपकआबा. पक्षावर सरळ अन्याय झाला होता. पण त्यामुळेच शेकापला कुणाच्या मेहेरबानीशिवाय, एकट्याच्या बळावर उभे राहावे लागले. देशमुख घराण्यातून या वेळी डॉ. बाबासाहेब हे एकच नाव पुढे आले. 2019 ला बापूंकडे असलेली दीपकआबांची ताकद आता वेगळी झाली होती. शेकापला पाच वर्षांपूर्वीपेक्षा साडेसतरा हजार मते जास्त पडली. विजयाचे अंतर 25,386 भरले, म्हणजे आबासाहेबांच्या शेवटच्या विजयाच्या जवळपास तेवढेच.

2008 च्या पुनर्रचनेपासून पंढरपूर तालुक्यातले भाळवणी मंडलही या मतदारसंघात आहे. तिथले पाण्याचे हिशेब वेगळे आणि कारखान्यांची गणितेही वेगळी. नव्या आमदाराला सूतगिरणीची आणि पाणी परिषदेची ओळख न सांगताही चालेल असे मतदार तिथे कमी आहेत.