अल्पखर्ची विद्युत-रासायनिक संवेदक

पाण्यात किंवा रक्त, लघवी, घाम, लाळ अशा शरीरद्रवांत असलेल्या विशिष्ट पदार्थाचे प्रमाण व्होल्टता किंवा विद्युतप्रवाहाच्या रूपात दाखवणारे स्वस्त, छोटे साधन. फ्ल्युओराइड, नायट्रेट, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि कीटकनाशके यांच्या तपासणीसाठी अशा संवेदकांवर जगभर काम चालू आहे. घरोघरी पोहोचलेला ग्लुकोमीटर याच कुळातला आणि आजवर सर्वांत यशस्वी ठरलेला संवेदक होय.

पाण्यातील धातू मोजण्याची प्रस्थापित उपकरणे महाग का असतात, हे पाहिले की या संवेदकांचा स्वस्तपणा उलगडतो. अणुशोषण वर्णपटमापकाला खास दिवे, ज्योत किंवा भट्टी आणि वायूची टाकी लागते; आयसीपी-एमएस या, आयनांचे वस्तुमान मोजून धातू ओळखणाऱ्या यंत्राला आरगॉन वायू, निर्वात पंप आणि प्रशिक्षित माणूस लागतो. पहिल्याची किंमत लाखांत, दुसऱ्याची कोटीच्या घरात जाते. विद्युत-रासायनिक पद्धतीत रासायनिक क्रियेतून थेट विजेचाच संकेत मिळतो. तो मोठा करून अंकात उतरवायला मोबाइलमध्ये असतात तसल्या साध्या चिप पुरतात. शिवाय नमुना एखादा थेंब असला तरी चालतो, कारण क्रिया विद्युत अग्राच्या पृष्ठभागावर घडते, द्रवाच्या साऱ्या आकारमानात नव्हे.

रचना : बहुतेक संवेदकांत तीन विद्युत अग्रे म्हणजे इलेक्ट्रोड असतात. कार्यकारी अग्रावर हवी ती क्रिया होते, संदर्भ अग्र स्थिर व्होल्टता देते आणि तिसरे साहाय्यक अग्र प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करते. या तिघांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मंडलाला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात. प्रयोगशाळेतला पोटेन्शिओस्टॅट टेबलावर ठेवण्याएवढा आणि महाग असे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील गटाने ८० डॉलरपेक्षा कमी खर्चात बनणाऱ्या ‘चीपस्टॅट’चा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि हे उपकरण महाविद्यालयांच्याही आवाक्यात आले.

ही अग्रे असलेली संवेदकाची पट्टी बनवण्याचे तंत्र म्हणजे लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगच. प्लॅस्टिक किंवा सिरॅमिकच्या तुकड्यावर कार्बनच्या शाईने कार्यकारी अग्र आणि चांदी व सिल्व्हर क्लोराइडच्या शाईने संदर्भ अग्र छापले जाते. २००९ मध्ये थायलंड व अमेरिकेतील संशोधकांनी अशी अग्रे कागदावर उतरवली. कागदाचे तंतू पाणी आपोआप ओढून घेत असल्याने पंपाची गरज उरत नाही. पेन्सिलीतील ग्रॅफाइटची कांडीही अग्र म्हणून चांगली चालते. २०१४ मध्ये राइस विद्यापीठात पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मवर लेसर फिरवून ग्रॅफीन तयार करण्यात आले, तेव्हापासून शाईशिवाय अग्रे ‘लिहिता’ येऊ लागली.

व्होल्टतेवर आधारलेले संवेदक : यांत प्रवाह जवळपास वाहू दिला जात नाही, फक्त व्होल्टता वाचली जाते. सामू (पीएच) मोजणारे काचेचे अग्र या प्रकारचे. फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी १९०९ मध्ये ते प्रत्यक्ष वापरण्याजोगे केले. १९६६ साली मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी फ्ल्युओराइडसाठीचे अग्र मांडले. त्यात लँथॅनम फ्ल्युओराइडचा स्फटिक असतो आणि विद्युतवहन वाढावे म्हणून त्यात किंचित युरोपियम मिसळलेले असते. या स्फटिकातून फ्ल्युओराइडचे आयन सरकू शकतात, त्यामुळे अग्र त्यांनाच प्रतिसाद देते. खरा अडथळा होतो तो फक्त हायड्रॉक्साइडचा. म्हणून नमुन्यात ठरावीक द्रावण मिसळून सामू ५ ते ५.५ च्या आसपास ठेवतात. तेच द्रावण ॲल्युमिनियम व लोह यांनी बांधून ठेवलेले फ्ल्युओराइडही मोकळे करते.

हे अग्र महाराष्ट्राच्या खास उपयोगाचे आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्ल्युओराइड मर्यादेबाहेर आढळते. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास हाडे व सांधे ताठर होतात. भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) फ्ल्युओराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. या दोन आकड्यांतील फरक अग्रावर सुमारे १० मिलिव्होल्ट एवढाच दिसतो. वाचनात १ मिलिव्होल्टची चूक झाली तर उत्तर सुमारे ४ टक्क्यांनी चुकते. नेर्न्स्टच्या समीकरणानुसार प्रमाण दहापट बदलले तर २५ अंश सेल्सिअसला ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तोच ६३ होतो. तेव्हा हापशाजवळ उभे राहून मोजणाऱ्याने तिथल्याच तापमानाला प्रमाणित द्रावणांवर अग्र जुळवून घेणे अत्यावश्यक आहे. याच अग्राने माणसाच्या लघवीतील फ्ल्युओराइडही मोजतात. हापशाचे पाणी आणि ते पिणाऱ्याचे शरीर, दोन्ही एकाच साधनाने तपासता येणे ही या तंत्राची फार मोलाची बाजू आहे, आणि तिचा उपयोग व्हायला हवा तितका होत नाही.

नायट्रेट, पोटॅशियम, अमोनियम यांसाठी पीव्हीसीच्या पटलात योग्य आयनवाहक मिसळून असेच संवेदक बनवतात.

प्रवाहावर आधारलेले संवेदक : अग्राला ठरावीक व्होल्टता देऊन पदार्थाचे ऑक्सिडीभवन (इलेक्ट्रॉन काढून घेणे) किंवा क्षपण (इलेक्ट्रॉन देणे) घडवले की प्रमाणानुसार प्रवाह वाहतो. लेलंड क्लार्क यांचे १९५६ चे ऑक्सिजन अग्र या पद्धतीचे. नदीच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी ते आजही वापरात आहे. १९६२ मध्ये क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर बसवण्याची कल्पना मांडली. ग्लुकोजवर एन्झाइमची क्रिया होताना ऑक्सिजन खर्च होतो. किती खर्च झाला यावरून साखर कळते. पण रक्तातला ऑक्सिजनच कमी-जास्त असेल तर उत्तरही हलते. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड व क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीनचे संयुग इलेक्ट्रॉनवाहक म्हणून वापरले, आणि १९८७ मध्ये पेनच्या आकाराचा ग्लुकोमीटर बाजारात आला. आजच्या पट्टीला एका मायक्रोलिटरहूनही कमी रक्त पुरते आणि उत्तर काही सेकंदांत मिळते.

कीटकनाशकांसाठी एन्झाइमचा वापर उलट्या दिशेने होतो. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम पट्टीवर बसवलेले असते. त्याच्या क्रियेतून बनणारे थायोकोलिन प्रवाह देते. नमुन्यात ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट वर्गातील कीटकनाशक असेल तर एन्झाइम निकामी होते आणि प्रवाह घटतो. नेमके कोणते कीटकनाशक हे मात्र यातून कळत नाही. याच विषांनी माणसाच्या रक्तातील कोलिनएस्टरेजही दबते, म्हणून फवारणी करणाऱ्यांच्या रक्ततपासणीलाही हीच पद्धत लागू पडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. तालुक्याच्या दवाखान्यात बोटाच्या थेंबावर होणारी ही तपासणी अशा ठिकाणी केवढी कामाची ठरेल, हे वेगळे सांगायला नको. एन्झाइम मात्र उष्णतेने मंदावते, आणि फवारणीचा हंगाम थंडीचा नसतो. पट्टी टिकवणे हाच तिथला अवघड भाग आहे.

संचयन व विलयन (स्ट्रिपिंग) पद्धत : जड धातूंसाठी ही सर्वांत समर्थ पद्धत. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. १०० मायक्रोलिटरच्या थेंबात एवढ्या प्रमाणाचे शिसे भरते अवघे १ नॅनोग्रॅम. ते थेट मोजता येत नाही. म्हणून आधी गोळा करतात. अग्राला काही मिनिटे पुरेशी ऋण व्होल्टता दिली की पाण्यातील शिशाचे आयन क्षपण होऊन अग्रावर धातूच्या रूपात साचतात. मग व्होल्टता हळूहळू धन दिशेला नेली की प्रत्येक धातू आपापल्या ठिकाणी पुन्हा विरघळतो आणि प्रवाहाचा उंचवटा उमटतो: आधी जस्त, मग कॅडमियम, त्यानंतर शिसे. उंचवट्याची जागा धातूचे नाव सांगते, उंची प्रमाण सांगते. मिनिटांत साठवलेले क्षणात बाहेर पडत असल्याने संकेत कित्येक पटींनी मोठा होतो.

या साऱ्याचे मूळ प्रागमध्ये आहे. यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये ठिबकत्या पाऱ्याचे अग्र वापरून ध्रुवणलेखन (पोलॅरोग्राफी), म्हणजे व्होल्टता बदलत प्रवाहाचा आलेख काढण्याची पद्धत, विकसित केले. त्यासाठी त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारा या कामाला फार चांगला, पण प्रदूषण शोधायला निघालेल्याने गावोगावी पारा न्यावा हे पटणारे नाही. २००० साली जोसेफ वँग व सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरून शिसे, कॅडमियम, जस्त मोजून दाखवले. बिस्मथ विषारी नाही म्हणण्याइतका सौम्य आहे. आज शेतात नेण्याजोग्या बहुतेक धातुसंवेदकांचा पाया हाच आहे. तांब्यासाठी मात्र तो गैरसोयीचा, कारण तांबे व बिस्मथ यांचे उंचवटे एकमेकांत मिसळतात.

आर्सेनिकसाठी सोन्याचे अग्र लागते. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात, नळकूपांच्या पाण्यातील आर्सेनिकने लाखो लोकांना ग्रासले आहे. मोजण्यातली अडचण दुहेरी आहे. त्रिसंयुजी आर्सेनिक सोन्यावर सहज साचते. पंचसंयुजी आर्सेनिक साचत नाही, त्याचे आधी रासायनिक क्षपण करावे लागते. दुसरे म्हणजे त्या पाण्यात लोह भरपूर असते. पाणी वर येऊन हवा लागली की लोहाचा तांबूस साका खाली बसू लागतो आणि आर्सेनिकही त्याला चिकटून खाली जाते. बाटलीत लगेच आम्ल घातले नाही तर तासाभरानंतरचे वाचन खऱ्यापेक्षा कमी येते आणि विषारी नळकूप निर्धोक ठरतो. संवेदक कितीही चांगला असला तरी ही चूक त्याला दुरुस्त करता येत नाही.

रक्तातील शिसे : प्रदूषक आणि शरीरद्रव यांची गाठ इथे पडते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि त्याची सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीचे संदर्भमूल्य ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर केले. बोटातून काढलेल्या ५० मायक्रोलिटर रक्तावर तीन मिनिटांत शिसे सांगणारे, संचयन पद्धतीवर चालणारे छोटे उपकरण तिथल्या दवाखान्यांत सर्रास वापरले जाते. रक्तात आम्ल मिसळून पेशी फोडल्या की शिसे मोकळे होते आणि पट्टीवर साचते. २०१७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की शिरेतून काढलेल्या रक्तावर या यंत्रणेची वाचने खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतात, आणि लहान मुलांच्या फेरतपासणीची शिफारस केली. तपासात रक्त साठवण्याच्या नळीच्या रबरी बुचातील थायुरॅम या गंधकयुक्त रसायनाकडे बोट दाखवले गेले; त्यातून सुटणारी द्रव्ये शिशाला धरून ठेवतात. म्हणजे पट्टी, रसायन, मंडल सारे ठीक असूनही बुचाने घात केला. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने अभ्यासावे इतके ते महत्त्वाचे आहे.

मर्यादा : शुद्ध पाण्यात धातू मिसळून काढलेले सुंदर आलेख शोधनिबंधांत भरपूर सापडतात, ओढ्याच्या पाण्यात किंवा रक्तात तीच पट्टी अडखळते. ह्यूमिक द्रव्ये, साबण आणि प्रथिने अग्रावर थर धरतात. क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि पॅरासिटॅमॉल हे ग्लुकोजच्याच व्होल्टतेला प्रवाह देऊ शकतात. थर अडवण्यासाठी नॅफिऑन या बहुवारिकासारखे पातळ पटल लावतात. पाण्याच्या नमुन्यात ज्ञात प्रमाणाचे शिसे आणखी घालून पुन्हा मोजणे हा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे. पट्ट्यांच्या एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत फरक पडतो तो वेगळाच. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ : २०१३ हे मानक आहे: १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर व त्यावरील साखरेच्या किमान ९५ टक्के वाचनांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नसावी.

उपकरण साध्या चिपमुळे स्वस्त होते, पट्टी स्वस्त होण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. ग्लुकोजची पट्टी रसायनामुळे स्वस्त झाली नाही. ती प्रचंड संख्येने छापली जाते म्हणून स्वस्त झाली, आणि रुग्ण ती रोज विकत घेतो म्हणून ती प्रचंड संख्येने छापली जाते. शिशाच्या किंवा आर्सेनिकच्या पट्टीला असा रोजचा गिऱ्हाईक नाही. ज्याच्या अंगणात हापसा आहे त्याला पाण्याची चव बदललेली लागत नाही, रंग दिसत नाही. त्यामुळे खरेदीदार उरते ते सरकार.

भारतात तमिळनाडूतील कराइकुडी येथे १९५३ पासून केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था कार्यरत आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनातून उभ्या राहिलेल्या ‘पाथशोध’ने रक्त व लघवीतील मधुमेहविषयक घटक एकाच हातातल्या उपकरणावर मोजण्याची यंत्रणा आणली. बिट्स पिलानीच्या गोवा परिसरातही जैवसंवेदकांवर काम होते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हाती दिलेला संच मुख्यतः रंग पाहून उत्तर सांगणारा आहे. लिटरला १० आणि ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक यांतला फरक कागदावरच्या फिकट डागावरून डोळ्यांनी ओळखणे अवघड जाते, संध्याकाळच्या उजेडात तर अधिकच. विद्युत-रासायनिक पट्टीची सर्वांत मोठी जागा सध्या हीच आहे: रंगाने संशयित ठरलेले पाणी गावातच आकड्यात मोजायचे, आणि मर्यादेच्या आसपास आलेला नमुना आम्ल घालून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.