कॉन्सर्ट फोटोग्राफी

कॉन्सर्ट फोटोग्राफी म्हणजे स्टेजवर गाणं-वाजवणं चालू असताना काढलेले फोटो. इथे पोझ नाही, रिटेक नाही आणि लाईटही आपल्या हातात नाही, जे समोर घडतंय त्यातूनच काय ते मिळवायचं.

मोठ्या शोमध्ये बहुतेक वेळा 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' हा नियम असतो. स्टेज आणि बॅरिकेडच्या मधल्या चिंचोळ्या जागेला पिट म्हणतात, तिथे दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि मग सिक्युरिटीवाले बाहेर काढतात. गंमत म्हणजे कलाकार खरा रंगात येतो तो त्यानंतर, त्यामुळे बँडने स्वतः नेमलेल्या फोटोग्राफरचे फोटो वेगळेच दिसतात, त्याला शेवटपर्यंत थांबता येतं ना.

अंधार आणि हालचाल दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणून लेन्स एफ २.८ किंवा त्याहून फास्ट लागते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो), शटर १/२५० सेकंदाच्या आसपास (गायक उड्या मारणारा असेल तर १/५००) आणि आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १६०० ते ६४००. सुरुवातीला ५० एमएम एफ १.८ ची लेन्स पुरते. मागचं सगळं काळं असल्याने कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक येतो, म्हणून स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त चेहऱ्यावरचाच प्रकाश मोजायचा. एलईडीच्या भडक लाल-निळ्या लाईटमध्ये चेहऱ्याचे डिटेल उडतात, तेव्हा रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाईल, जिच्यात नंतर बरंच सुधारता येतं) काढावं, आणि तरीही नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाईट आहेच!

पण एनर्जी सेटिंगने येत नाही, ती गाणं ऐकून येते. ड्रमरचा हात वर गेला की पुढच्या ठोक्याला काय होणार हे ज्याला कळतं त्याचं बोट आधीच बटणावर असतं, गाणी माहीत असतील तर कोरसला गायक कुठे धावणार तेही कळतं. माईक तोंडासमोर येतो म्हणून थोडं बाजूला उभं राहायचं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलॅडियममध्ये द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सिमनन बास गिटार स्टेजवर आपटताना पेनी स्मिथने काढलेला फोटो नीट फोकसमध्ये नाही, तिला स्वतःला तो बँडच्या 'लंडन कॉलिंग' अल्बमच्या कव्हरवर नको होता, तरी तोच गेला आणि आज रॉकमधल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी तो एक आहे. शार्पनेसच्या मागे लागून असे क्षण डिलीट करणारे नवशिके बघितले की वाईट वाटतं.

या लाईनमध्ये शिरायला आधी छोट्या जागा बऱ्या, जिथे पास लागत नाही आणि नवीन बँडला फोटो हवेच असतात. मोठ्या शोचा पास सहसा एखाद्या मासिक-वेबसाईटच्या नावाने किंवा कलाकाराच्या टीमकडून मिळतो. कानात इअरप्लग हवेतच, पिट स्पीकरच्या अगदी तोंडाशी असतो. आणि पास घेताना पुढे केलेला कागद वाचून सही करावी, काही कलाकारांच्या करारात फोटोचे सगळे हक्क त्यांच्याकडे जातात आणि ते एकदा गेले की आपलाच फोटो विकायलासुद्धा परवानगी मागावी लागते.