रंगवलेलं मॅजिक कार्ड स्पर्धेत बाद होतं का?

कोल्हापुरात 'मॅजिक: द गॅदरिंग' हा चित्रांच्या कार्डांचा खेळ खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलाय: कार्डावरच्या चित्रावर ब्रश फिरवला की ते नकली ठरतं आणि स्पर्धेत बाद होतं. हे खरं नाही. बाबूराव पेंटरांच्या गावात हाताच्या रंगकामाला नकली म्हणावं, हे मला फार खटकतं.

1993 साली आलेल्या या खेळाच्या स्पर्धा-नियमांत अशी कार्डं चालतात. कार्ड अस्सल हवं. त्याचं नाव आणि माना कॉस्ट (ते कार्ड खेळायला डावात मोजावी लागणारी किंमत) झाकलेली किंवा बदललेली नको. मूळ चित्र ओळखू आलं पाहिजे. डावपेचांचा मोठा सल्ला किंवा आक्षेपार्ह चित्र नको. अंतिम निर्णय मुख्य पंचांचा, म्हणून डाव सुरू होण्याआधीच त्यांना कार्ड दाखवावं.

खरा घोळ होतो तो जाडीत. रंगाचा थर जाड झाला, तर स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटात, असूनही ते कार्ड गड्डीत हाताला लागतं. मग ते 'खूण केलेलं', म्हणजे न बघता ओळखता येणारं, ठरतं, आणि तिथे पंच ऐकत नाहीत. म्हणून अॅक्रिलिक अगदी पातळ लावायचा, एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा. पाणी जास्त झालं तर कागद वाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे वाळायला वेळ लागतो. तेव्हा घाई करू नका.

संग्राहकांची गोष्ट वेगळी. मूळ अवस्थेतलं कार्ड हवं असणारा रंगवलेलं घेणार नाही, म्हणून महागडं जुनं कार्ड सरावाला घेऊ नये. शिवाय हे नियम मॅजिकचे आहेत. दुसरा खेळ खेळत असाल तर त्याचे नियम आधी वाचा.