रुग्णालय नभोवाणी

रुग्णालय नभोवाणी : रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी स्वयंसेवकांनी चालवलेली ध्वनिप्रक्षेपणाची व्यवस्था. आवाज खाटेपर्यंत तारेने जातो की लहरींनी, यावर ही संज्ञा अवलंबून नाही. निवेदक आणि श्रोता यांच्यात एका जिन्याचे किंवा फार तर एखाद्या रस्त्याचे अंतर असते, हे तिचे खरे लक्षण होय.

उगमाविषयी एकमत नाही. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात मे १९१९च्या सुमारास रुग्णांना खाटेवर हेडफोनने कार्यक्रम ऐकवले गेले. बहुतेक लेखक आरंभ तेथे मानतात. ब्रिटनमधील लेखक यॉर्कच्या काउंटी रुग्णालयाचा दाखला देतात. तेथे १९२५च्या सुमारास (काहींच्या मते पुढील वर्षी) सुमारे २०० हेडफोन आणि ७० ध्वनिक्षेपक बसवले होते, आणि चर्चमधील प्रार्थना व सामन्यांची वर्णने ऐकवली जात. हा वाद बराचसा व्याख्येचा आहे. निव्वळ ऐकण्याची सोय म्हणजे नभोवाणी, असे धरले तर मान वॉल्टर रीडकडे जातो. रुग्णांसाठी स्थानिक कार्यक्रम ही कसोटी लावली, तर यॉर्कचे पारडे जड होते आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. आज ओळखीचे असलेले, फर्माईशींवर चालणारे रूप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. १९७०-८०च्या दशकांत ब्रिटनमध्ये त्याचा मोठा प्रसार झाला. पुढे खाटेजवळचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल आले, तशी केंद्रे रोडावली. उरलेल्यांपैकी काही आता इंटरनेटवरूनही ऐकू येतात.

तंत्र साधे आहे. स्टुडिओतून निघालेली तार वॉर्डांत फिरवून प्रत्येक खाटेशी हेडफोनची खोबण दिली जाते. काही ठिकाणी उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर असतो. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडत नाही. इमारतीपुरते मर्यादित, अल्पशक्तीचे मध्यमलहरी प्रक्षेपण हा दुसरा मार्ग.

स्वयंसेवकाचे मुख्य काम मायक्रोफोनपुढचे समजले जाते. ते तसे नाही. प्रक्षेपणाआधी तो हात धुऊन, वही घेऊन वॉर्डात फिरतो. खाटेचा क्रमांक, हवे असलेले गाणे आणि नाव उच्चारलेले चालेल की नाही, एवढेच तो लिहितो. आजार विचारत नाही. कोणी गाण्याचे नाव विसरलेले असते, नुसती चाल गुणगुणते. कोणाला गाणे नकोच असते, दोन शब्द बोलायचे असतात. भेटीची वेळ संपून पाहुणे पांगले की वॉर्ड एकदम ओकाबोका होतो. त्या वेळी खाटेशेजारी टेकलेला हा अनोळखी माणूस, हीच या सेवेची मोठी बाजू आहे. गाणे नंतर लागते, आणि आपला खाट क्रमांक ऐकून रुग्ण उशीवरून मान उचलतो.

भारतात हा प्रकार संस्थारूपाने रुजलेला नाही. जवळचा कायदेशीर मार्ग सामुदायिक नभोवाणीचा आहे. २००२च्या धोरणाने तो शैक्षणिक संस्थांना खुला झाला आणि २००६मध्ये, किमान तीन वर्षे काम केलेल्या ना-नफा संस्थांनाही. प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत असते. म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय किंवा रुग्णालय चालवणारा न्यास अर्ज करू शकतो.

अशी सेवा इंदुरात सुरू झाली, असे धरू. आकाशवाणीचे इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. शहरातील सात मजली महाराजा यशवंतराव रुग्णालय, बोलीभाषेत ‘एमवाय’, त्याच दशकातले. आजारपण आणि कानावर पडणारे सूर यांचे नाते या भागातील मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जवळच देवासला कुमार गंधर्व १९४८च्या सुमारास क्षयाने अंथरुणाला खिळले होते. पडल्या पडल्या ऐकलेली माळवी लोकगीते पुढे त्यांच्या गायनात उतरली. येथे फर्माईशी घेणाऱ्याची खरी परीक्षा भाषेची आहे. राजवाड्याच्या परिसरातल्या मराठी आजी हिंदी मिसळलेल्या इंदुरी मराठीत नाट्यपद मागतील, शेजारच्या खाटेवर माळवी असेल, त्यापुढे खरगोनची निमाडी, आणि झाबुआ-अलीराजपूरहून आलेल्यांसाठी भिली कळणारे माणूस सोबत असावे लागेल.