जुनेर, बोहारीण आणि आजचं थ्रिफ्टिंग

माझी मावसबहीण परवा एका साखरपुड्याला आली तेव्हा तिच्या अंगावर आजीच्या इरकलीच्या पदराचं जॅकेट होतं, आत पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला पुरुषी पांढरा शर्ट, खाली कुणाची तरी खाकी पँट कमरेत आत घेतलेली, आणि सगळ्यांनी विचारलं कुठून घेतलंस. तिने सरळ सांगितलं, सगळं जुनं आहे. यावर एका काकूंचा चेहरा जो उतरला ना, तो माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्या काकूंचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या लहानपणी ‘दुसऱ्याचं घातलंय’ हे वाक्य म्हणजे अपमान होता आणि माझ्या बहिणीच्या तोंडी तेच वाक्य कौतुकाचं झालंय, वापरलेले कपडे आवडीने शोधून घालण्याला आता थ्रिफ्टिंग म्हणतात, मग या मधल्या काळात झालं काय ते नीट बघावं म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात घरातूनच करू. आपल्याकडे जुन्या कापडाला स्वतःचा शब्द आहे, जुनेर. जुनेर म्हणजे टाकाऊ नव्हे, जुनेर म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेलं. बाळाची पहिली झबली, लंगोट, दुपटी जुनेराचीच करायची, नवं कापड कडक असतं आणि टोचतं म्हणून. नऊवारी लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं, काठ आणि पदर मात्र ठणठणीत असतात, मग बायका काय करायच्या तर मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे हातशिलाईने जोडायचे, याला म्हणायचं दंड घालणं. कधी दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे चांगले भाग जोडून एक व्हायचं, एक अर्धं हिरवं नि दुसरं अर्धं जांभळं. आज ज्याला मिक्स अँड मॅच म्हणतात ते गरिबाघरच्या बायकांनी नाइलाजाने पण फार नजरेने केलेलं आहे, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी चालेल आणि जोड निऱ्यांत कसा लपेल हा विचार त्यात असायचाच. दंड घातलेलं लुगडंही विरलं की त्याचं परकर-पोलकं, मग झबलं, मग गोधडीचा थर, शेवटी चुलीजवळचं पोतेरं. कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, तिच्यात घरातल्या सगळ्यांचे कपडे एकत्र झोपलेले असतात असं माझी आजी म्हणायची.

आणि शिंप्याचा एक शब्द मला फार आवडतो, माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ते. ‘वाढत्या अंगाचं शिवा, माया भरपूर सोडा’ हे वाक्य प्रत्येक आईने शिंप्याला सांगितलेलं आहे, मग तोच फ्रॉक तीन वर्षं उसवून उसवून मोठा व्हायचा आणि नंतर धाकटीकडे जायचा. जुना शिवलेला कपडा आजही अंगाबरोबर बसवता येतो तो या मायेमुळेच. जुन्या बाजारात अनुभवी माणूस शर्ट उलटा करून आधी शिवण बघतो, लेबल नंतर. आजच्या स्वस्त रेडिमेडमध्ये ओव्हरलॉक मारून कापड अगदी काठाला छाटलेलं असतं, तो कपडा घट्ट झाला की संपला.

दुसऱ्या महायुद्धात तर कापडाची एवढी टंचाई झाली की सरकारने १९४३ साली सुती कापड आणि सुतावर कंट्रोल आणला, कापडाला रांगा लागायला लागल्या. मुंबईत एवढ्या गिरण्या असताना ही वेळ. कोट उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायची पद्धत होती, उलटवलेला कोट म्हणायचे, ती त्या पिढीच्या लोकांनी सांगितलेली मी ऐकलीय.

हे सगळं घरातल्या घरात. घरातलं जुनं घालणं कधीच लाजेचं नव्हतं, ताईचा फ्रॉक धाकटीला येणारच. लाज सुरू होते ती उंबरठ्याबाहेर, परक्याचं अंगावर चढवताना, आणि त्या लाजेमागे जात आहे हे बोलल्याशिवाय ही पार्श्वभूमी पूर्ण होणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत असं लिहिलंय, आणि शूद्राला जीर्ण वस्त्रं द्यावीत असंही. हे नुसतं पोथीत राहिलं नाही, गावगाड्यात मढ्यावरचं कापड घेणं हा महारकीतला ‘हक्क’ मानला जायचा. म्हणजे कोणी काय घालायचं हे दुसरा ठरवणार आणि ते उतरलेलंच असणार. महाडच्या सत्याग्रह परिषदेत २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली, नेसण्यावरून जात ओळखू येते ती येऊ देऊ नका म्हणून. एकाच ठिकाणी पोथी आणि पेहराव या दोन्हीबद्दल बोलणं झालं हा मला योगायोग वाटत नाही. ज्या घरांमध्ये ही आठवण जिवंत आहे तिथे आजही सणाला नवंकोरंच लागतं, कडक इस्त्रीचं लागतं, आणि त्यांना कुणी ‘सेकंडहँड घाला, पर्यावरणासाठी चांगलं’ असं शिकवायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साधारण याच काळातला अजून एक वाद. ३१ जुलै १९२१ ला परळमध्ये गांधीजींनी परदेशी कपड्यांची मोठी होळी केली. रवींद्रनाथ टागोरांना हे पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं असं की जाळायचे ते कपडे माझे नाहीतच, ज्यांच्याकडे अंगभर नाही त्यांचे आहेत. गांधीजींनी उत्तर दिलं की उघड्या माणसाला काम द्यायला हवं असताना नको असलेले कपडे देऊन मी त्याचा अपमान करणार नाही. शंभर वर्षं झाली पण हा प्रश्न तिथेच आहे. २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे गेले आणि न घालण्यासारखे कितीतरी कपडे रस्त्याकडेला ढीग होऊन पडले, २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही तेच. देणाऱ्याने कपाट रिकामं केलं, घेणाऱ्याला निवडता आलं नाही. माझ्या बहिणीच्या शर्टात आणि त्या ढिगातल्या शर्टात कापडाचा फरक नसेलही, फरक एवढाच की तिने तो वीस शर्टांतून उचलला, हाताने चाचपून, भाव करून.

आता बोहारीण. तिच्याशिवाय ही गोष्टच नाही, आणि थ्रिफ्टबद्दल लिहिणारे बहुतेक लोक तिला विसरतात याचा मला मनापासून राग येतो. दुपारी दोन-तीनला, पुरुष कामावर आणि घरची बाई जरा टेकलेली असताना, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत गाठोडं घेऊन ‘भांडीय्ये’ अशी आरोळी. वाघरी समाज, जो आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो, मूळचा गुजरातकडचा, त्यातल्या बायकांनी मुंबईपासून दिल्लीपर्यंत हा धंदा उभा केलाय. पैसा मध्ये येतच नाही, कपड्याला भांडं. आधी पितळ, ऍल्युमिनियम, कपबशा, मग स्टील आलं आणि स्टीलच्या डब्यासाठी आयांनी वडिलांच्या पँटी वर्षभर साठवायला सुरुवात केली, पुढे प्लास्टिकचे टबही आले. आणि घासाघीस कसली, बघण्यासारखी असायची, आई म्हणणार परात दे, ती म्हणणार दोन पँटी अजून टाका, साडी प्रकाशात धरून विरलेली जागा शोधणार, कॉलर झिजलीये म्हणणार, चेन लागते का बघणार, उठून जायचं नाटक करणार आणि परत बसणार. कापडाची पारख मी जेवढी तिच्याकडे बघून शिकले तेवढी कुठल्याच दुकानात शिकले नाही.

तिच्या गाठोड्याचं पुढे काय व्हायचं हे मात्र आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नसायचं. तर पहाटेचे बाजार भरतात, दिल्लीत रघुबीरनगरला घोडा मंडी म्हणतात तो अंधारातच सुरू होतो, तिथे गाठोडी सुटतात आणि माल निवडला जातो. चांगल्या पँट-शर्टाला रफू, बटणं, धुणं, कधी परत रंग देणं, कडक इस्त्री, की तो आठवडी बाजारात मजुराच्या अंगावर चढायला तयार. पार गेलेल्या सुती कापडाच्या चिंध्या गॅरेजात आणि कारखान्यात मशीन पुसायला. सिल्कच्या साड्यांपासून उश्यांचे अभ्रे, स्कर्ट आणि टॉप होऊन ते टुरिस्टांना विकले जातात.

जरीच्या साड्यांचं वेगळंच, आणि ते लिहिताना जीव तुटतो. जुनी जर खरी चांदीची असायची, वर सोन्याचं पाणी. म्हणून ‘जुन्या जरीच्या साड्या’ अशी हाक देत फिरणारे लोक पैठण्या, शालू घेऊन जायचे आणि त्या जाळून, वितळवून चांदी काढायचे. एखाद्या विणकराने कित्येक महिने मागावर बसून विणलेले मोर मुठीएवढ्या चांदीसाठी भट्टीत गेले. आमच्याकडची एक गेली, त्या बदल्यात आलेल्या पैशांतून शाळेची फी भरली गेली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. आज जुन्या पैठणीला हजारो रुपये मागतात ते ती एवढी कमी उरल्यामुळेच.

मग कपडा स्वस्त कधी झाला? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या मग सावरल्याच नाहीत आणि कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आणि पॉलिस्टरकडे सरकलं. त्याच सुमारास रेडिमेड वाढत होतं आणि परदेशी ब्रँडसाठी इथे शिवलेला जास्तीचा किंवा बारीक डिफेक्टचा माल, एक्स्पोर्ट सरप्लस, फूटपाथवर यायला लागला. मुंबईत आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट, वांद्र्याची हिल रोड, पुण्यात कॅम्पातली फॅशन स्ट्रीट, जिला मार्च २०२१ मध्ये भयंकर आग लागली. हा माल सेकंडहँड नव्हे, पण ढिगात हात घालून एकच पीस शोधायचा, लेबल कापलेलं असलं तरी कापडावरून ओळखायचं, ही सवय दोन पिढ्यांना तिथेच लागली. गोव्यात हणजुण्याचा, म्हणजे अंजुनाचा, बुधवारचा बाजार त्याही आधीचा, सत्तरच्या दशकात हिप्पी लोक मुक्काम लांबवायला पैसे हवेत म्हणून स्वतःचे कपडे, कॅमेरे, रेडिओ वाळूत मांडून विकायचे. परक्याचा वापरलेला कपडा आवड म्हणून घ्यायचा हे आपल्या बाजूला तिथे दिसलं असेल.

बाहेरच्या देशांचं जुनं कापड वेगळ्या वाटेने येतं. वापरलेले कपडे आयात करायला भारतात खुली परवानगी नाही, देशी कापडधंदा मार खाईल म्हणून. गुजरातमधलं कांडला बंदर, जिथे १९६५ साली देशातला पहिला मुक्त व्यापार विभाग झाला, तिथल्या युनिट्समध्ये परदेशी गाठी उघडतात, बायका कपडे निवडतात, बरंचसं परत बाहेर जातं. आणि लोकरीचे कोट-स्वेटर घालता येणार नाहीत असे कापलेल्या अवस्थेत पानिपतला जातात. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ सोडून काही आठवत नाही, पण आज जगभरच्या जुन्या लोकरीचं ते मोठं ठिकाण आहे, रंगाप्रमाणे ढीग लावून, पिंजून, परत सूत काढून ब्लँकेटं होतात, पूर-भूकंपात वाटतात ती राखाडी घोंगडी बहुतेक तिथली. हे तंत्र मूळचं इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं, बॅटली गावात १८१३ साली बेंजामिन लॉने सुरू केलेलं, त्याला शॉडी म्हणतात.

ईशान्येकडे मात्र परदेशी गाठी थेट बाजारात पोचल्या. दिमापूर, कोहिमा, आयझॉल, शिलाँगमध्ये मुलंमुली कितीतरी वर्षांपासून ढिगातून कोरियन जॅकेट, जपानी शर्ट शोधून असे काही घालतात की बघत राहावं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इन्स्टावर थ्रिफ्ट पेजेस धडाधड उघडली त्यातली कितीतरी तिकडच्या मुलींची होती. रात्री आठला ड्रॉप, म्हणजे नवा माल पेजवर टाकायचा, एकच पीस, जो आधी मेसेज करेल त्याचा. ती लाट मग पुण्या-मुंबईत आली आणि ‘प्री-लव्ड’ शब्द आला, ज्याला मराठीत आपल्याकडे जुनेर आधीपासून होता.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी अजून जाते. बहिणीचा तो पांढरा शर्ट आम्ही तिथेच घेतला, ऐंशी मागितले साठला दिला. घरी आणून गरम पाण्यात भिजवला, उलटा केला तर शिवणीत बोटभर माया होती, शिंप्याचं छोटं कापडी लेबल होतं, आणि कॉलरच्या आत धोब्याने बिब्ब्याच्या शाईने घातलेली काळी खूण, एक आडवी रेघ आणि तीन ठिपके. बिब्ब्याची शाई धुऊन जात नाही. बहिणीने विचारलं लेबल आणि खूण काढू का, मी म्हटलं नको, फक्त खांदे उसव आणि तुझ्या मापाने बसव.